पेट्रोल गाडीचे इंजेक्टर घरी बदलायचे असतील तर

"गाडी मिसिंग मारायली" एवढं गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं की बऱ्याच ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: इंजेक्टर गेले, चारही बदलूया. कधी ते खरं असतं, पुष्कळदा नसतं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा नग. तो बदलणं हे एका सकाळचं काम आहे आणि त्यातलं पाने फिरवण्याचं काम तर फारच थोडं. वेळ द्यावा लागतो तो दोन ठिकाणी. दोष इंजेक्टरचाच आहे हे आधी पक्कं करायचं, आणि नवीन बसवल्यावर पेट्रोल कुठून झिरपत नाही याची खात्री करायची. मधल्या कामापेक्षा ह्या दोन टोकांवरच मी जास्त लिहिणार आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी ह्या पट्ट्यात घरापुढं थोडं अंगण असलेले आणि गाडीचे प्लग, एअर फिल्टर स्वतः बदलून झालेले बरेच लोक आहेत. हे त्यांच्यासाठी. प्लग अजून कधी काढला नसेल तर आधी तो काढून-बसवून बघा, मग इकडं या.

१. तुमची गाडी ह्या कामाची आहे का?

इथं सांगितलेलं सगळं साध्या पेट्रोल गाडीसाठी आहे, जिला एमपीएफआय म्हणतात. तिच्यात इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, बसलेले असतात आणि रेलमधलं, म्हणजे त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, प्रेशर साधारण तीन-चार बार असतं. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो, त्यावरून अंदाज येईल. काळजी घेतली तर घरी हाताळण्यासारखं आहे हे.

डिझेल गाडी असेल तर इथंच थांबा. कॉमन रेल डिझेलमध्ये प्रेशर हजार बारच्या वर जातं. बारीक भेगेतून निघालेली डिझेलची धार कातडीत घुसते, वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडायला लागतो. लगेच शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय डिझेलच्या नवीन इंजेक्टरवरचा कोड बहुतेक गाड्यांत ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. ते काम घरचं नव्हेच.

पेट्रोल असूनही नावात जीडीआय किंवा टीएसआय असेल तर तिथं इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारतात. प्रेशर खूप जास्त असतं आणि इंजेक्टरच्या टोकाचं टेफ्लॉन सील बसवायला वेगळं हत्यार लागतं. तीही गाडी गॅरेजलाच न्या. जुनी कार्ब्युरेटरची ८०० असेल तर तुम्हाला इंजेक्टरच नाही, मजा करा.

बोनेट उघडून रेल दिसते का बघा. इंजिनच्या बाजूने आडवी गेलेली धातूची किंवा प्लास्टिकची नळी आणि तिच्यातून खाली उतरणारे कनेक्टर लावलेले बोटभर नग, ते तुमचे इंजेक्टर. काही गाड्यांत इनटेक मॅनिफोल्ड रेलच्या वरून जातं. मग आधी ते सोडवावं लागतं आणि त्याचं पॅकिंगही नवीन घ्यावं लागतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने अशा गाडीला हात घालू नये. मारुतीच्या चार सिलिंडरच्या ड्युअलजेट इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण आठ इंजेक्टर असतात, तेव्हा दुकानात "चार द्या" म्हणायच्या आधी मोजून घ्या.

सीएनजीची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. सीएनजीचे इंजेक्टर वेगळे, पेट्रोलचे वेगळे. रोज गॅसवरच चालवली की पेट्रोलचे इंजेक्टर नुसते बसून राहतात, त्यांच्या तोंडाशी चिकट थर धरतो आणि मग पेट्रोलवर टाकली की गाडी अडखळते. काम सुरू करायच्या आधी गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गॅसच्या नळ्यांना हात लावू नका.

२. दोष इंजेक्टरचाच आहे का?

हा भाग नीट वाचा, इथंच पैसे वाचतात.

लक्षणं तशी ओळखीची आहेत. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर फाटक पडलं, गाडी आयडलवर उभी आहे आणि स्टिअरिंग थरथरतंय. वंटमुरीच्या घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी ओढत नाही, धक्के देते. ॲव्हरेज पडलं, इंजिन लाईट लागली. पण हीच सगळी लक्षणं खराब प्लग, प्लगला ठिणगी पुरवणारी पण गेलेली कॉईल, फाटलेली व्हॅक्यूमची नळी, चोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पेट्रोल पंप ह्यांचीही असतात. म्हणून एकेकाला वगळत जायचं.

आधी स्कॅनर लावा. मोबाईलला ब्लूटूथने जोडता येणारा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, पुरतो. पी०३०० म्हणजे मिसफायर (मिसिंग) कुठल्या एका सिलिंडरवर ठरत नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे पहिल्या ते चौथ्यातलं एक ठराविक सिलिंडर चुकतंय. पी०२०१ ते पी०२०४ असेल तर त्या इंजेक्टरच्या विजेच्या वाटेत बिघाड आहे. कोड तुम्हाला कुठे बघायचं ते सांगतो, काय बिघडलं ते सांगत नाही. पी०३०२ दिसला म्हणून दोन नंबरचा इंजेक्टर विकत आणणं ही ह्या कामातली सगळ्यात नेहमीची चूक.

दोन नंबरचा कोड आला असेल तर दोनची कॉईल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, थोडी गाडी चालवा. कोड आता पी०३०३ झाला तर कॉईल गेलीय, इंजेक्टर नाही. तसा नाही झाला तर प्लगची अदलाबदल करून हेच बघा. प्लग काढलाच आहे तर त्याचा रंगही बघा. ओला, काळा, पेट्रोलचा वास मारणारा प्लग असेल आणि गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास देत असेल तर इंजेक्टर बंद अवस्थेतही गळतोय अशी शंका घ्यायला जागा आहे. मग डिपस्टिक काढून ऑइलचाही वास घ्या. त्याला पेट्रोलचा वास आला तर ऑइलही बदलावं लागणार, कारण पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंग सांभाळत नाही.

नंतर कान लावायचा. इंजिन चालू, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानाशी. टिक-टिक-टिक असा स्वच्छ आवाज यायला हवा. चारांपैकी एकाचा आवाज मंद किंवा बंद असेल तर तो संशयित. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी फॅन बेल्टपासून लांब ठेवा.

मग इंजिन बंद करून मल्टीमीटर लावा. इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि त्याच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत तो बारा ते सोळा ओहमच्या दरम्यान येतो, आणि चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉईल तुटली, तो इंजेक्टर गेला. आकडा बरोबर आला म्हणून तो सुटला असं मात्र समजू नका. वीज ठीक आणि तोंड चोंदलेलं, असंही असतं.

वायरिंग बघायला विसरू नका. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली उबेला येऊन बसतात, आणि इंजेक्टरच्या वायरी त्यांना फार आवडतात. विशेषतः खानापूर-जांबोटीकडं शेताजवळ गाडी लावणाऱ्यांनी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपून बघावा. किल्ली चालू केल्यावर कनेक्टरच्या एका पिनवर बॅटरीचे बारा व्होल्ट यायला हवेत. दुसरी पिन ईसीयू अर्थ करतो तेव्हा इंजेक्टर उघडतो.

जुने मिस्त्री चालू इंजिनवर एकेक कनेक्टर काढून बघतात. ज्याचा काढल्यावर आरपीएममध्ये काही फरक पडत नाही, ते सिलिंडर मेलेलं. इंजेक्टरचा कनेक्टर काढून हे चालतं, नंतर कोड पुसायचे. कॉईलचा कनेक्टर काढून हे करू नका. ठिणगी नसताना पेट्रोल मात्र आत जात राहतं आणि न जळता धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोचून तो खराब करतं.

आणि हे लक्षात ठेवा: चारही सिलिंडर एकदम अशक्त वाटत असतील तर चार इंजेक्टर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. पंप, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर बघा. दोन-तीन महिने उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोलमध्ये पाणीही झालेलं असू शकतं. आताचं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचंही त्यातलं काही असेल. इथेनॉल हवेतली ओल धरतं, पाणी जास्त झालं की ते मिश्रण पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी तळाशी आणून ठेवू नका.

३. साफ करायचे की नवीन घ्यायचे?

इंजेक्टर विजेने मेला असेल किंवा गळत असेल तर नवीनच. नुसता चोंदला असेल तर आधी साफ करून बघा. उद्यमबाग किंवा ऑटोनगरच्या बाजूला, नाहीतर कोल्हापुरात, अल्ट्रासोनिक सफाई आणि टेस्ट बेंच असलेल्या गॅरेजची चौकशी करा. तुम्ही इंजेक्टर काढून न्यायचे, ते साफ करून बेंचवर लावतात आणि काचेच्या नळ्यांत प्रत्येकाचं पेट्रोल किती पडतं, फवारा कसा पडतो ते दाखवतात. तुमच्यासमोर लावायला सांगा आणि सफाईच्या आधीचं व नंतरचं माप दोन्ही बघा. चारही नळ्यांतली पातळी सारखी आली आणि बंद असताना टोकाशी थेंब जमत नसेल, तर ते इंजेक्टर अजून बरेच दिवस जातील. नवीन चारांच्या मानाने हा खर्च फारच कमी आहे.

टाकीत ओतायच्या बाटल्यांवर माझा फारसा विश्वास नाही. थर पातळ असेल तर थोडा फरक पडतो, घट्ट बसलेल्या थराला त्या काही करत नाहीत. आणि सुई, टाचणी, तार घेऊन नोझलचं भोक कोरायला अजिबात जाऊ नका. ती भोकं इतकी बारीक असतात की एका ओरखड्याने फवाऱ्याची दिशा बदलते.

४. पार्ट विकत घेताना

दुकानात जाताना आरसीची प्रत किंवा तिचा फोटो जवळ ठेवा. काउंटरवरचा माणूस चेसिस नंबर विचारतो आणि त्यावरूनच बरोबर पार्ट निघतो. नंबरप्लेट केए-२२ आहे की एमएच-०९ ह्याने काही फरक पडत नाही, पण गाडीचं मॉडेल तेच असून बनल्याचं वर्ष पुढं-मागं असेल तर इंजेक्टर वेगळा असू शकतो. जुन्या इंजेक्टरच्या अंगावर छापलेला नंबर फोटो काढून न्या आणि नव्याच्या नंबरशी जुळवा. "हा पण बसतो की ह्याला" असं कोणी म्हटलं तर न बोलता पुढच्या दुकानात जा. बसतो, पण पेट्रोल कमी-जास्त सोडतो.

एक गेला म्हणून चारही बदलायलाच हवेत असं नाही. एक नवीन घाला आणि बाकी तीन बेंचवर तपासून घ्या. गाडी खूप चाललेली असेल आणि दोन गेले असतील तर मात्र मी चारही घेईन.

ओ-रिंग मात्र सगळ्याच इंजेक्टरच्या नवीन घ्या, वरच्याही आणि खालच्याही. दोन्ही बहुधा वेगळ्या मापाच्या असतात. हार्डवेअरच्या दुकानातली पाण्याच्या नळाची काळी रिंग कितीही मापात बसली तरी चालणार नाही. पेट्रोलमध्ये ती फुगते, मग तडकते. विटॉनची, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराची रिंग मागा. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत २० टक्के इथेनॉलला टिकणारं रबर कारखान्यातूनच येतं. त्याआधीच्या गाडीवर काम करत असाल तर ही रिंग जास्त महत्त्वाची. दोन-तीन जादा घ्या, बसवताना एखादी फाटतेच.

पार्ट कोल्हापूरहून बसच्या पार्सलने मागवणार असाल तर नोव्हेंबरचा पहिला दिवस टाळा. सीमाभागात राहणाऱ्याला ह्याचं कारण सांगायची गरज नाही. बिल घ्या, जीएसटीचं. वॉरंटीचा प्रश्न आला तर तेवढंच कामाला येतं.

५. जवळ काय काय हवं

– १० आणि १२ चे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, रॅचेट. जमल्यास टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळता येतो तो)
– चपटा स्क्रू ड्रायव्हर, बारीक नाकाची पक्कड, मल्टीमीटर
– नवीन ओ-रिंग, इंजेक्टरच्या क्लिपा, आणि तुमच्या गाडीत नळी बोल्टने बसलेली असेल तर तिचे नवीन वायसर
– स्वच्छ सुती फडकी भरपूर, मास्किंग टेप, मार्कर पेन, छोटी काचेची बरणी
– नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा
– एलईडी टॉर्च
– ड्राय पावडरचा अग्निशामक, हाताच्या अंतरावर
– गाडीचं मॅन्युअल, त्यातला फ्यूजचा तक्ता

हातमोजे घालायचा कंटाळा आला तर चालेल, चष्मा घालाच. रेलमधला उरलेला थेंब नेमका डोळ्याकडं उडतो.

६. जागा आणि वेळ

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत जाते. म्हणून अपार्टमेंटच्या तळघरातलं पार्किंग नको, शटर लावलेलं गॅरेज नको. मोकळं अंगण हवं. पण अंगण म्हटलं की आपल्याकडं अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला असतो, तुळशीपुढं दिवा असतो, शेजारी पाचोळा जाळत असतात. हे सगळं आधी विझलेलं असायला हवं. घरच्यांना सांगून ठेवा आणि पोरांना लांब ठेवा. आग लागलीच तर पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

जून ते सप्टेंबर उघड्यावर हे काम करू नका. दिवस असा निवडा की स्पेअर पार्टची दुकानं उघडी असतील. सगळं खोलून झाल्यावर रिंग फाटली आणि दुकानाला सुट्टी, म्हणजे गाडी दोन दिवस उघडी पडून राहणार. सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर सुरुवात करा.

७. प्रेशर सोडवा

गाडी बंद केली तरी रेलमध्ये प्रेशर तसंच राहतं. ते न सोडता नळी काढली तर पेट्रोलची पिचकारी उडते.

फ्यूजच्या तक्त्यात पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले शोधा आणि काढा. टाकीचं झाकण सैल करा. आता गाडी सुरू करा. रेलमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ती थोडी चालेल आणि आपोआप बंद पडेल. त्यानंतर दोन-तीन वेळा थोडा थोडा सेल्फ मारा. किल्ली काढून खिशात टाका आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवा.

एवढं करूनही नळीत थोडं पेट्रोल असतंच, ते फडक्यात टिपायचं. ती फडकी नंतर घरात आणू नका, उघड्यावर वाळू द्या.

८. रेल काढा

काहीही काढायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो घ्या. कनेक्टरवर टेप लावून १, २, ३, ४ लिहा. इंजेक्टरवरही तेच नंबर घाला.

मग साफसफाई. आपल्याकडची लाल माती इंजेक्टरच्या बुडाशी गोल थर करून बसलेली असते. इंजेक्टर उपसला की ती थेट इनटेकमध्ये पडणार आणि तिथून व्हॉल्व्हवर. सायकलच्या दुकानातून हवा मारून घ्या, नाहीतर घरी ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसा. ह्याला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

एअर क्लीनरची नळी काढा. इंजेक्टरचे कनेक्टर काढताना लॉक दाबून कनेक्टरला धरून ओढा, वायरीला धरून नको. जुन्या गाडीत हे प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, पापडासारखं तुटतं. पेट्रोलच्या नळीचा क्विक कनेक्टर असेल तर आधी तो किंचित आत ढकला, दोन्ही बाजूंचे कान दाबा आणि मग सरळ मागं ओढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर तो तुटेल, आणि बऱ्याच गाड्यांत तो एकटा मिळत नाही, अख्खी नळी घ्यावी लागते.

रेलचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सैल करा. बोल्टखाली काही गाड्यांत स्पेसर असतात, ते कुठून निघाले ते बघून ठेवा. आता रेल दोन्ही हातांनी दोन्ही टोकांना धरून, किंचित हलवत, सरळ वर उचला. एका बाजूने उचकलीत तर दुसऱ्या बाजूचे इंजेक्टर तिरपे अडकतात. काही इंजेक्टर रेलबरोबर येतील, काही खालीच राहतील. राहिलेले हाताने फिरवत काढा.

लगेच खालची चारही भोकं स्वच्छ फडक्याने किंवा टेपने झाका. ह्या भोकात पडलेला वायसर शोधायला नंतर अख्खं मॅनिफोल्ड काढावं लागतं.

९. ओ-रिंग

जुन्या इंजेक्टरवरच्या रिंगा मोजा. एक कमी असेल तर ती खाली भोकात चिकटून राहिली आहे. ती न काढता वरून नवीन बसवली तर दोन रिंगा एकावर एक बसतात आणि गळती ठरलेली. टोकदार हत्याराने नाही, लाकडी काडीने काढा.

नव्या रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचं किंवा पेट्रोलचं बोट लावा. ग्रीस नको, सिलिकॉन तर नकोच. रिंग गुंडाळत सरकवू नका, थोडी ताणून खोबणीत बसवा आणि कुठं पीळ पडला नाही ना ते बघा.

१०. बसवा

इंजेक्टर आधी रेलमध्ये बसवा, क्लिप लावा, कनेक्टरची तोंडं योग्य दिशेला आहेत ते फोटोवरून बघा. मग खालची फडकी काढा (मोजून, जितकी घातली तितकी) आणि चारही इंजेक्टर एकदम भोकांवर धरून रेल हळूहळू दाबा. टक् असा हलका आवाज करत ते बसतात. जोर लावावा लागत असेल तर थांबा, काढा, रिंग बघा.

बोल्ट हाताने शेवटपर्यंत आत गेले पाहिजेत, मगच पाना. ॲल्युमिनियमचे आटे लवकर जातात आणि प्लास्टिकचं मॅनिफोल्ड तर त्याहून नाजूक. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

आता एक छोटी तपासणी, जी घाईत सगळे गाळतात. बोल्ट आवळल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरवून बघा. किंचित इकडं-तिकडं मोकळा फिरला पाहिजे. जाम वाटत असेल तर रिंग दुमडलीय किंवा चिमटीत सापडलीय. रेल पुन्हा उचला.

नळी टक् होईपर्यंत बसवा आणि मग ओढून बघा. कनेक्टर नंबरप्रमाणे लावा, एअर क्लीनरची नळी बसवा, रिले जागेवर, शेवटी बॅटरी.

११. गळती बघा, गाडी सुरू करायच्या आधी

सेल्फ मारू नका. किल्ली फक्त ऑनवर न्या. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणेल आणि थांबेल. ऑफ करा. असं चार-पाच वेळा करा, म्हणजे रेल पेट्रोलने भरेल आणि प्रेशर येईल.

मग टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरच्या वर, खाली आणि नळीच्या जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर दिसते. दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा फिरवा. वास घ्या. कुठंही ओल असेल तर बोल्ट आणखी आवळून ती थांबवायचा प्रयत्न करू नका. रिंगेची गळती आवळून जात नाही. पुन्हा सातव्या पायरीपासून सुरू करा, प्रेशर सोडवण्यासकट. कंटाळा येतो, पण गरम एक्झॉस्टच्या शेजारी पेट्रोल ठिबकत असताना गाडी बाहेर काढण्यात काही अर्थ नाही.

१२. पहिलं स्टार्ट आणि चक्कर

पहिल्यांदा सेल्फ थोडा जास्त वेळ घेईल. इंजिन सुरू झालं की बोनेट उघडंच ठेवा आणि कोणाला तरी गाडीत बसवून तुम्ही पुन्हा सगळे जोड बघा. सुरुवातीला आयडल वर-खाली होतं, कारण बॅटरी काढल्यामुळं ईसीयू जुनं शिकलेलं विसरलेला असतो. काही मिनिटं तशीच चालू द्या. जुने कोड पुसा. काचेचं ऑटो बटण आणि घड्याळही पुन्हा लावून घ्यावं लागेल.

मग चक्कर. आधी गल्लीत, मग गावात. अग्निशामक गाडीतच ठेवा. सगळं ठीक वाटलं तरच चढावर न्या. बेळगावकरांना काकतीच्या पुढचा वंटमुरी घाट आहे, निपाणीकरांना तवंदी. चढावर धक्के गेले असतील आणि परत येऊन स्कॅनरमध्ये नवीन कोड नसेल तर काम जमलं. धक्के तसेच असतील तर तिसरा इंजेक्टर, चौथा इंजेक्टर असं करत बसू नका. कॉम्प्रेशन तपासून घ्या, तो व्हॉल्व्हचा प्रश्न असू शकतो आणि तिथून पुढं गॅरेज.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बोनेट उघडून वास घ्या. रात्रभर बंद गाडीच्या बोनेटखाली साठलेला वास बारीक गळतीची सगळ्यात आधी बातमी देतो. आठवड्याने पुन्हा एकदा टिश्यू फिरवा. इंजेक्टर गळत होता म्हणून बदलला असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच आठवड्यात बदला.

बदललेले पण चालू असलेले इंजेक्टर फेकू नका. दोन्ही टोकांना टोप्या लावून, कागदावर गाडीचं मॉडेल आणि बेंचवरचं माप लिहून डब्यात ठेवा. कोणाला तपासणीसाठी एखादा तात्पुरता लावून बघायचा असेल तर उपयोगी पडतो. बरणीत जमलेलं पेट्रोल गटारात किंवा नाल्यात ओतू नका. स्वच्छ असेल तर गाळून टाकीत घाला, मातीचं असेल तर झाकण लावून गॅरेजवाल्याकडं द्या, त्याला हत्यारं धुवायला लागतंच.